घरातल्या घरात वाहन हस्तांतर : कर नाममात्र, दिरंगाई महागात

प्रतिनिधी, नागपूर

वडिलांची मोटार मुलाकडे, थोरल्या भावाची दुचाकी धाकट्याकडे, सासऱ्यांची जीप जावयाकडे. कुटुंबातल्या कुटुंबात वाहने अशी हातबदल होत राहणे नागपुरात नवे नाही. चावी देताना पैशांची देवाणघेवाण होत नाही आणि कागदही सहसा होत नाही. कागद करायचे ठरले, की पहिला प्रश्न कराचा निघतो. घरच्याच माणसाच्या नावावर गाडी करायची तर पुन्हा रोड टॅक्स भरावा लागेल काय? प्राप्तिकर खात्याची नोटीस येईल काय? जुन्या गाडीवर जीएसटी लागतो म्हणतात, तो आपल्यालाही लागेल काय?

कायदा तपासला तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बहुसंख्य कुटुंबांसाठी दिलासा देणारी आहेत. गाडी महाराष्ट्रातच राहणार असेल आणि खासगी वापराची असेल, तर घरातल्या हस्तांतरावर कर जवळजवळ नाही. मात्र याच दिलाशाच्या पोटात एक धोका दडलेला आहे. कर नाही, पैशांचा व्यवहार नाही, म्हणून नोंदही नको असा समज करून घेतला जातो आणि अपघात, विम्याचा दावा किंवा मालकाचे निधन असा प्रसंग आला की त्याची किंमत मोजावी लागते.

कर वाहनाचा, नात्याचा नव्हे

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरील कर हा राज्यसूचीतील ५७ व्या क्रमांकाचा विषय आहे. वाहनांची नोंदणी केंद्राच्या मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार होते, कर मात्र राज्य आकारते. महाराष्ट्रात ही आकारणी मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ नुसार होते. खासगी मोटारी व दुचाकींवर नोंदणीच्या वेळीच एकरकमी कर घेतला जातो.

१ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार वैयक्तिक नावावरील पेट्रोल मोटारीस १० लाख रुपयांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के कर आहे. डिझेलसाठी हेच दर अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के आहेत. त्याच वेळी सीएनजी व एलपीजी वाहनांचा कर १ टक्क्याने वाढवण्यात आला आणि एका वाहनावरील कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली.

समजा, नागपुरातील एखाद्या गृहस्थाने ८ लाख रुपये किमतीची पेट्रोल मोटार घेतली आणि ११ टक्के दराने ८८ हजार रुपये कर भरला. काही वर्षांनी ती गाडी त्यांनी मुलीच्या नावावर केली, तर हा कर पुन्हा मागितला जात नाही. तो त्या वाहनाचा भरला गेलेला आहे. मुलगी नागपुरात राहो की नोकरीनिमित्त पुण्यात, राज्य तेच असल्याने कर तोच आणि गाडीचा क्रमांकही तोच राहतो. द्यावे लागते ते केवळ शुल्क. केंद्राने २०१६ च्या अखेरीस सुधारलेल्या दरांनुसार हस्तांतराचे शुल्क नोंदणी शुल्काच्या निम्मे, म्हणजे दुचाकीस १५० रुपये व खासगी मोटारीस ३०० रुपये ठरले. स्मार्ट कार्डाचे पैसे त्याशिवाय द्यावे लागतात. ८८ हजार आणि ३०० या दोन आकड्यांतील अंतर पाहिले, की कराच्या धास्तीने हस्तांतर टाळण्यात अर्थ नाही हे स्पष्ट होते.

ही सवलत नात्यामुळे मिळते असे मात्र नाही. तीच गाडी अनोळखी ग्राहकाला विकली तरी राज्यांतर्गत व्यवहारात एकरकमी कर पुन्हा लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये मालकी हस्तांतराची जी तरतूद आहे, तिच्यात 'कुटुंब' हा वेगळा वर्गच नाही. पित्याने पुत्रास दिलेली गाडी आणि बाजारात विकलेली गाडी या दोहोंना फॉर्म २९ व फॉर्म ३० हेच अर्ज लागतात. देणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे, हा नियमही दोहोंना सारखाच आहे.

प्राप्तिकर नाते पाहतो, पण...

नात्याचा खरा विचार प्राप्तिकर कायद्यात आढळतो. देणाऱ्यावर आकारला जाणारा स्वतंत्र भेटकर १ ऑक्टोबर १९९८ पासून रद्द झाला. त्यानंतर भेट मिळणाऱ्याच्या उत्पन्नात ती धरण्याची पद्धत आली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ५६ नुसार वर्षभरात ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम मोबदल्याविना मिळाल्यास ती सर्व रक्कम करपात्र ठरते. नातेवाइकाकडून मिळालेल्या रकमेला यातून सूट आहे. १ एप्रिल २०२६ पासून अंमलबजावणीची तरतूद असलेल्या २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी हे तत्त्व कायम ठेवण्यात आले आहे.

वाहनाच्या बाबतीत येथे एक बारकावा आहे. रोख रकमेखेरीज कोणत्या वस्तूंची भेट करपात्र आहे, याची कायद्याने यादीच दिली आहे. जमीन व इमारत, समभाग व रोखे, दागिने, सोने-चांदी, चित्रे, शिल्पे, पुरातन वस्तूंचे संग्रह आणि अलीकडे आभासी डिजिटल मालमत्ता यांचा त्यात समावेश आहे. मोटार किंवा दुचाकी या यादीत नाही. त्यामुळे गाडी सख्ख्या भावाने दिली काय किंवा चुलतभावाने दिली काय, घेणाऱ्यावर भेटीचा प्राप्तिकर लागत नाही.

गाडीऐवजी गाडी घेण्यासाठी पैसे दिले तर चित्र बदलते. कायद्यातील 'नातेवाईक' या व्याख्येत पती किंवा पत्नी, स्वतःची व जोडीदाराची भावंडे, आई-वडिलांची भावंडे, तसेच थेट वंशातील पूर्वज व वंशज येतात. काकाने पुतण्याला दुचाकीसाठी ८० हजार रुपये दिले तर ते करमुक्त आहेत, कारण वडिलांचा भाऊ हा पुतण्याचा नातेवाईक ठरतो. उलट पुतण्याने काकाला तेवढेच पैसे दिले तर ते काकाच्या उत्पन्नात धरले जाऊ शकतात, कारण काकाच्या दृष्टीने भावाचा मुलगा व्याख्येत बसत नाही. चुलत व मावस भावंडेही व्याख्येबाहेर आहेत. घरात ज्याला आपण एकच नाते म्हणतो, ते कायद्याच्या नजरेत दोन्ही बाजूंनी सारखे असतेच असे नाही.

देणाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. स्वतःच्या वापरातील मोटार ही कायद्याने वैयक्तिक वापराची वस्तू मानली जाते, भांडवली मालमत्ता नव्हे. त्यामुळे ती घरच्यांना दिली किंवा पैसे घेऊन विकली तरी भांडवली नफ्याचा कर उद्भवत नाही. मात्र पैसे घेऊन व्यवहार करायचा असेल तर २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारू नये. २०१७ पासूनचा हा निर्बंध घरच्या माणसांमधील व्यवहारासही लागू आहे.

कमाईच्या वाहनांचे गणित वेगळे आहे. पतीने आपला ट्रक किंवा टॅक्सी मोबदला न घेता पत्नीच्या वा सुनेच्या नावावर केली, तर त्या मालमत्तेपासून होणारे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवण्याची तरतूद आहे. कागदावर मालकी बदलून कर वाचवण्याचा मार्ग कायद्याने आधीच बंद केला आहे.

१८ टक्क्यांचा बाऊ

२१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली. जुन्या वाहनांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लावण्याच्या तिच्या शिफारशीने मोठा गोंधळ उडाला. घरची जुनी गाडी दिली तरी किमतीच्या १८ टक्के कर भरावा लागेल, असा अर्थ अनेकांनी काढला. प्रत्यक्षात हा कर जीएसटीखाली नोंदणीकृत असलेल्या विक्रेत्यासाठी आहे आणि तोही पूर्ण किमतीवर नसून विक्रीतील फरकाच्या रकमेवर आहे. पूर्वी काही वाहनांना १२ तर काहींना १८ टक्के असे जे दोन दर होते, त्यांच्या जागी जानेवारी २०२५ मध्ये एकच दर आला. नोकरदार, निवृत्त किंवा नोंदणी नसलेल्या व्यक्तीने आपली गाडी घरच्यांना दिल्यास जीएसटीचा संबंध येत नाही.

सावध राहायला हवे ते दुकानदार व व्यावसायिकांनी. गाडी व्यवसायाच्या हिशेबात दाखवून तिच्यावर घसारा घेतला असेल, तर घसारा वजा जाता उरलेली किंमत आणि विक्रीची किंमत यांतील फरकावर कर लागतो. शिल्लक किंमत ६ लाख असून गाडी ७ लाखांना विकली तर १ लाखावर १८ टक्के म्हणजे १८ हजार रुपये होतात. ५ लाखांना विकली तर फरक उणे असल्याने कर शून्य. ही सवलत खरेदीच्या वेळी इनपुट टॅक्स क्रेडिट न घेतलेल्या वाहनांना आहे. शिवाय संबंधित व्यक्तींमधील व्यवहारांसाठी मूल्यनिश्चितीचे स्वतंत्र नियम आहेत. त्यामुळे फर्मच्या हिशेबातील गाडी मुलाच्या नावावर करण्यापूर्वी करसल्लागाराला विचारणे शहाणपणाचे ठरेल.

सीमा ओलांडली की कर

महाराष्ट्रातील हस्तांतराला नात्याचा अडसर नाही, पण राज्याच्या सीमेचा आहे, आणि नागपूरकरांना तो इतरांपेक्षा अधिक जाणवण्याजोगा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर ही तत्कालीन मध्य प्रदेशची राजधानी होती. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, जबलपूर, रायपूर, दुर्ग या भागांशी येथील घरांचे सोयरसंबंध जुने आहेत. राजकीय सीमा बदलल्या, सोयरिकी राहिल्या. रायपूरच्या वडिलांनी नागपुरातील मुलाला गाडी दिली, की तो व्यवहार घरगुती राहत नाही. तो दोन राज्यांच्या तिजोऱ्यांमधला व्यवहार होतो.

अशा वेळी मूळ नोंदणी कार्यालयाकडून फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते मिळाल्यावर नागपुरात नव्या क्रमांकासह नोंदणी होते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर वाहनाच्या वयानुसार घटत्या प्रमाणात भरावा लागतो. रायपूरला आयुष्यभराचा कर आधीच भरला असेल तर उर्वरित काळाच्या परताव्यासाठी त्या राज्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. म्हणजे नव्या राज्यात पैसे आधी भरायचे आणि जुन्या राज्याकडून ते मागत बसायचे. मालकी न बदलता गाडी नुसती आणून ठेवली तरी सुटका नाही. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे.

या जाचातून बदलीच्या नोकरदारांना सोडवण्यासाठी केंद्राने सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' मालिका सुरू केली. संरक्षण दले, केंद्र व राज्य सरकारे, सार्वजनिक उपक्रम, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र आहेत. आयुधनिर्माणी, रेल्वे, वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉइल अशा आस्थापना असलेल्या नागपुरात अशा पात्र कर्मचाऱ्यांची वाण नाही. या मालिकेत कर एकदम न घेता दोन-दोन वर्षांच्या टप्प्यांनी घेतला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नियम सुधारून अशी गाडी अपात्र व्यक्तीलाही हस्तांतरित करण्याची मुभा देण्यात आली. मात्र तसे केल्यास गाडीला राज्याची नेहमीची नोंदणी घ्यावी लागते व राज्याचा कर लागू होतो. खाणीत नोकरी करणाऱ्या मुलाची 'बीएच' गाडी निवृत्त वडिलांच्या नावावर करताना हा खर्च धरूनच चालावे लागेल.

नोंद न केल्याची किंमत

कराचा हिशेब असा आटोक्यात असताना खरे नुकसान होते ते नोंद लांबवल्याने. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात दिलेला निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली होती. पुढे ती अनेक हातांतून गेली. २००९ मध्ये अपघात झाला तेव्हा नोंदणी पुस्तकावर पहिल्याच मालकाचे नाव होते. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अपघातग्रस्ताने गाडी कोणी कोणाला दिली याची साखळी शोधत फिरावे अशी अपेक्षा कायदा करीत नाही.

हाच न्याय घरातील वाहनांना लावला, तर धोक्याची कल्पना येते. दुचाकी आजोबांच्या नावावर आणि चालवणारा नातू अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ अ नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५ हजार रुपये दंड आणि १२ महिन्यांसाठी नोंदणी रद्द अशी ही शिक्षा आहे. ई-चलानही नोंदणीकृत मालकाच्याच नावाने निघते.

विम्याचे तसेच आहे. कलम १५७ नुसार वाहन हस्तांतरित झाले की तृतीय पक्षाचा विमा नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याला ही तरतूद लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्शुलेशन्स प्रकरणात १९९५ मध्येच ठरवले आहे. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करणे आवश्यक आहे. नोंदणी मुलाच्या नावे आणि पॉलिसी वडिलांच्या नावे राहिली, तर चोरी वा मोडतोडीचा दावा अडचणीत येऊ शकतो. २००९ च्या निंगम्मा प्रकरणात तर मागून आणलेली मोटारसायकल चालवताना मरण पावलेल्या इसमाच्या वारसांना तत्कालीन कलम १६३ अ खाली भरपाई नाकारण्यात आली. वाहन मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असे त्याचे कारण देण्यात आले. भावाची गाडी भावाने नेणे हा घराघरातील प्रकार न्यायालयात इतका गंभीर ठरू शकतो.

मालकाच्या निधनानंतर

सर्वाधिक घोळ होतो तो मालकाच्या मृत्यूनंतर. वारसाने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला मृत्यूची व वाहन वापरण्याच्या इराद्याची सूचना दिल्यास त्याला तीन महिने वाहन वापरता येते. तेवढ्या अवधीत फॉर्म ३१ वर मालकी बदलाचा अर्ज करायचा असतो. ऑटोरिक्षा किंवा टॅक्सीच्या परवान्यासाठीही कलम ८२ मध्ये ३० दिवस व तीन महिने अशीच मुदत आहे. घर ज्या रिक्षावर चालते तिचा परवाना दुःखाच्या दिवसांत विसरला गेला, तर कमाईच बंद पडण्याची वेळ येते. वारसाहक्काने मिळालेल्या वाहनावर कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच रद्द झाली आहे. येथेही अडचण करापेक्षा मुदतीची आहे.

नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याकडील केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एप्रिल २०२१ मध्ये नियम सुधारून नोंदणी प्रमाणपत्रावर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव नोंदवण्याची सोय केली. जुन्या वाहनांसाठीही ती नंतर नोंदवता येते. यामुळे सर्व वारसांच्या संमतीपत्रांची धावपळ बरीच वाचू शकते. मात्र नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे. कंपन्यांच्या समभागांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात नामनिर्देशित व्यक्ती वारसांना डावलून मालक होत नाही, असा निर्वाळा दिला आहे. भावंडांत वाद संभवत असेल तर मृत्युपत्र केलेले बरे.

नोंद करताना

हयातीत गाडी भेट द्यायची असेल तर मुद्रांकित दानपत्र करावेच लागते असे नाही. मालमत्ता हस्तांतर कायदा, १८८२ च्या कलम १२३ नुसार जंगम वस्तूची भेट प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होते. मात्र पुढील वाद टाळण्यासाठी तारखेसह साधे सहीचे पत्र जवळ असावे. कर्ज असल्यास बँकेची लेखी संमती लागते आणि कर्ज फिटले असल्यास फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवून घ्यावा लागतो. थकीत कर व चलाने भरलेली असावीत, विमा व पीयूसी चालू असावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवलेली नसल्यास महाराष्ट्रात मालकी बदलाचे काम अडवले जाते. गिरीपेठेतील शहर कार्यालय, नागपूर ग्रामीण आणि पूर्व नागपूर, म्हणजे एमएच ३१, ४० व ४९, यांपैकी आपला पत्ता कोणाच्या हद्दीत येतो हे आधी पाहून घ्यावे. आधारशी जोडलेल्या ऑनलाइन सेवेमुळे 'वाहन' पोर्टलवर बरेच काम घरबसल्या सुरू करता येते.

सरकारलाही यात करण्यासारखे बरेच आहे. प्राप्तिकर कायद्यात नातेवाइकाची स्पष्ट व्याख्या आहे. तिच्या आधारे आई-वडील, मुले व पती-पत्नी यांच्यातील हस्तांतरासाठी दोन फॉर्मऐवजी एकच अर्ज ठेवणे अवघड नाही. विमा कंपनीला त्याच अर्जातून सूचना गेली तर १४ दिवसांची मुदत चुकण्याचे कारण उरणार नाही. दोन राज्यांमधील करपरताव्याचा हिशेब नागरिकाच्या डोक्यावर न टाकता 'वाहन' प्रणालीतून परस्पर करता येईल. सर्व राज्यांची माहिती एका जागी आणणाऱ्या यंत्रणेचा एवढा उपयोग अपेक्षितच आहे. तोपर्यंत ३०० रुपयांचे शुल्क आणि १४, ३० व ९० दिवसांच्या मुदती लक्षात ठेवण्याची जबाबदारी वाहनधारकांवरच आहे.